चुगली ठरते दुसऱ्याच्या उत्तरावर

गळीत हंगाम तोंडावर आला की सांगली जिल्ह्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर एक विषय हमखास निघतो: कोणता मुकादम ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गायब झाला आणि तोडणीची टोळी आलीच नाही. ऊस वाहतूकदाराचे लाखो रुपये त्यात अडकतात. हातात कागद असला तरी वसुली कुठली सोपी? म्हणून नवा करार करण्याआधी चार जणांना विचारलं जातं, ‘माणूस कसाय?’ तो माणूस समोर नसताना चाललेलं हे बोलणं म्हणजे गावगप्पाच. पण त्या रिकामटेकड्या नव्हेत.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते भाषा वाढली तीच मुळी अशा गप्पांसाठी. माकडं एकमेकांच्या अंगावरचे किडे वेचून नाती टिकवतात. माणसांचे कळप मोठे झाले तेव्हा एवढ्यांना वेळ द्यायला दिवस पुरेना, मग ते काम जिभेवर आलं. हे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. मोजलेलं हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यास पाहावा. संशोधकांनी ४६७ जणांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावले. गैरहजर माणसाबद्दलचं बोलणं दिवसाला सरासरी ५२ मिनिटं भरलं, आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश ना चांगलं ना वाईट, नुसतं ‘अमक्याची बदली झाली’ छापाचं. बायका थोडं जास्त बोलतात, पण ते याच साध्या प्रकारात. वाईट बोलण्यात पुरुष तसूभरही मागे नव्हते. कट्ट्यावर बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वाईट ऐकलेलं, पाहिलेलं पोटात का राहत नाही, यालाही उत्तर आहे. २०१२ मध्ये मॅथ्यू फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना खेळात चाललेली लबाडी पाहायला लावली. बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. पुढच्या खेळाडूला चिठ्ठीतून सावध करू दिल्यावर जीव जरा खाली पडला.

आता घातक भाग. डोना एडर आणि जॅनेट एंके यांनी १९९१ मध्ये शाळकरी मुलांच्या गप्पांचा बारकाईने अभ्यास केला. कोणी पहिलं वाईट वाक्य टाकलं की सगळं पुढच्या बोलणाऱ्यावर ठरायचं. त्याने लगेच हरकत घेतली तर गप्पा वळायच्या. एकाने जरी ‘हो ना’ म्हटलं की मागून विरोध करणं अवघड व्हायचं.

हे भिशीत दिसतंच. सांगलीच्या विश्रामबागेत कोणाच्या तरी हॉलमध्ये पोह्यांच्या डिशा फिरताहेत.

‘वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते, तिचा हप्ता परत थकलाय. पैसे उडवते हो ती.’

‘थकलाय खरा. पण सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय ना नुकतंच? फोन करून विचारूया तिलाच.’

बास, विषय संपला. उपदेश नाही की भांडण नाही. थकलेला हप्ता लपवला नाही, कारण बाकीच्यांना ते कळायलाच हवं. फक्त त्याला चिकटवलेला स्वभावाचा शेरा काढून टाकला. ‘कोण म्हणालं? तुम्ही स्वतः पाहिलं का?’ एवढंसुद्धा पुरतं, मात्र ते ताबडतोब विचारायला हवं.

एवढ्यानेही न थांबणाऱ्यांसाठी एक प्रयोग आहे. जॉन स्कोरोन्स्की यांच्या १९९८ च्या संशोधनात, दुसऱ्याच्या दुष्टपणाचं वर्णन करणारा माणूस ऐकणाऱ्यांना नकळत स्वतःच दुष्ट वाटू लागला होता.