वर्ल्ड टीम कप (ड्युसेलडॉर्फ)

पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या राष्ट्रीय संघांसाठी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे १९७८ ते २०१२ या काळात दरवर्षी भरणारी, लाल मातीच्या कोर्टांवरील प्रायोजित सांघिक स्पर्धा. ‘असोसिएशन ऑफ टेनिस प्रोफेशनल्स’ (एटीपी) या खेळाडूंच्या संघटनेशी ती संलग्न होती. शहराच्या पूर्वेकडील ग्राफेनबर्गच्या वनालगत असलेल्या रोखुसक्लबच्या कोर्टांवर मे महिन्यात, पॅरिसमधील फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती खेळली जाई. पुरुषांच्या सांघिक टेनिसमध्ये राष्ट्रीय संघांच्या डेव्हिस कप स्पर्धेनंतरचे स्थान तिला सामान्यतः दिले जाते.

स्पर्धेचा आरंभ कोणत्या वर्षापासून मानावा, याविषयी नोंदींमध्ये एकवाक्यता नाही. १९७५ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे ‘नेशन्स कप’ या नावाने एक सांघिक स्पर्धा झाली आणि तीत अमेरिकेने ग्रेट ब्रिटनचा पराभव केला. पुढील दोन वर्षे ती भरली नाही. १९७८ मध्ये हेच नाव ड्युसेलडॉर्फच्या स्पर्धेला मिळाले, तेव्हा अंतिम लढतीत स्पेनने ऑस्ट्रेलियाला हरवले. ‘वर्ल्ड टीम कप’ हे नाव ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात रूढ झालेले दिसते. किंग्स्टनची स्पर्धा हे याच मालिकेचे पहिले वर्ष मानणारी मांडणी अधिक प्रचलित आहे. मात्र स्थळ, सातत्य आणि फ्रेंच स्पर्धेशी असलेले वेळापत्रकाचे नाते या तिन्ही बाबी १९७८ पासूनच्या असल्याने, १९७५ च्या स्पर्धेकडे पूर्वपीठिका म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. हा प्रश्न केवळ कालगणनेचा नाही. किंग्स्टन धरल्यास अमेरिकेची विजेतेपदे पाच होतात आणि ती जर्मनीच्या बरोबरीला येते. ते वगळल्यास अमेरिका, स्पेन, स्वीडन व अर्जेंटिना हे चारही देश चार-चार विजेतेपदांवर राहतात. शिवाय जर्मनीच्या पाचांतील पहिले, १९८९ चे, विजेतेपद पश्चिम जर्मनीच्या नावावर आहे. ते वेगळे काढल्यास पाच देश एकाच पायरीवर येतात, आणि ‘सर्वाधिक यशस्वी देश’ हा किताब मोजणाऱ्याच्या निकषावर अवलंबून राहतो.

स्पर्धेत आठ संघ असत. देशांची निवड त्यांच्या आघाडीच्या खेळाडूंच्या जागतिक क्रमवारीवरून होई. चार-चार संघांच्या दोन गटांत साखळी पद्धतीने सामने होत आणि गटविजेते थेट अंतिम लढतीत उतरत. प्रत्येक लढतीत दोन एकेरी व एक दुहेरी, असे तीनच सामने असत आणि ते तीनपैकी दोन सेट जिंकण्याच्या पद्धतीने खेळले जात. त्या काळच्या डेव्हिस कपमधील पाच सामन्यांच्या, तीन दिवस चालणाऱ्या लढतीच्या तुलनेत हा आराखडा बराच आटोपशीर होता. साखळीमुळे पहिली लढत हरलेल्या संघालाही आठवड्यात तीन लढती मिळत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरणाऱ्याला पॅरिसला जाण्यापूर्वी सरावाखेरीज काही उरत नाही, ती अडचण येथे नव्हती. उलटपक्षी, पाच सेटचे सामने असणारी मोठी स्पर्धा तोंडावर असताना विश्रांती पसंत करणारे अव्वल खेळाडू अनुपस्थित राहत.

या द्विधेमुळेच तिला प्रदर्शनीय म्हणावे की अधिकृत, याविषयी मतभेद राहिले. आमंत्रित संघ, प्रायोजकाचे नाव शीर्षस्थानी आणि दीर्घकाळ क्रमवारीच्या गुणांचा अभाव ही लक्षणे प्रदर्शनीय सामन्यांची होत. परंतु येथील निकाल एटीपीच्या जय-पराजयाच्या नोंदींत धरले जातात आणि अखेरच्या काही वर्षांत विजयांना गुणही मिळू लागले. त्यामुळे स्वरूपाने प्रदर्शनीय, पण दर्जाने अधिकृत असे तिचे वर्णन करता येईल.

स्पर्धेचे स्थान समजण्यासाठी कोर्टाचा पृष्ठभाग महत्त्वाचा आहे. युरोपातील ‘लाल माती’ ही नैसर्गिक माती नसून भाजलेल्या विटांची पूड असते. फ्रेंच खुली स्पर्धा जेथे होते, त्या पॅरिसमधील रोलाँ गारोस येथील रचनेत या पुडीचा थर जेमतेम एक ते दोन मिलिमीटरचा असतो; त्याखाली दाबून बसवलेला पांढऱ्या चुनखडीचा चुरा, त्याखाली कोळशाच्या जळिताची खडी आणि तळाशी दगडगोटे असतात. चेंडू आपटताना वरच्या सैल थरामुळे घर्षण वाढते, त्याचा वेग घटतो आणि उसळी उंच होते, म्हणून सर्व्हिसचा प्रभाव कमी होऊन सामने लांबतात. खेळाडूला घसरत जाऊन फटका मारावा लागतो. पाण्याचे प्रमाण कमीजास्त झाले की कोर्टाचा स्वभाव बदलतो. हार्ड कोर्टवर, म्हणजे टणक पृष्ठभागाच्या कोर्टवर, असा सराव होऊ शकत नाही. पर्थ येथे ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेपूर्वी होणारा हॉपमन कप हाही असाच पूर्वतयारीचा सांघिक उपक्रम होता, परंतु तो स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांचा होता.

विजेत्यांच्या यादीत युरोपच्या नकाशातील उलथापालथ उमटलेली आहे. १९९० मध्ये युगोस्लाव्हियाने अमेरिकेला हरवून कप जिंकला आणि १९९१ मध्ये तो देश पुन्हा अंतिम लढतीत पोहोचला. तो फुटल्यावर त्यातून निघालेल्या देशांपैकी क्रोएशियाने २००६ मध्ये, तर सर्बियाने २००९ व २०१२ मध्ये विजेतेपद मिळवले. १९८१ व १९८७ चा विजेता चेकोस्लोव्हाकिया दुभंगल्यावर स्लोव्हाकिया २००० मध्ये विजेता ठरला, चेक प्रजासत्ताकाला मात्र अंतिम लढतींतील पराभवांवरच समाधान मानावे लागले. चिलीने २००३ व २००४ अशी सलग दोन वर्षे बाजी मारली. चिलीच्याच फर्नांदो गोन्झालेस आणि निकोलास मासू यांनी २००४ मध्येच अथेन्स ऑलिंपिकमधील दुहेरीचे सुवर्णपदकही जिंकले.

प्रायोजक बदलला की स्पर्धेचे नाव बदले. आंब्र सोलेर हे उन्हापासून संरक्षण देणारे प्रसाधन, प्यूजो ही फ्रेंच मोटार कंपनी, ड्युसेलडॉर्फमध्येच मुख्यालय असलेली अराग विमा कंपनी आणि शेवटी पॉवर हॉर्स हे ऑस्ट्रियन ऊर्जापेय, अशी ही मालिका आहे. २०१२ नंतर सांघिक स्वरूप संपुष्टात आले. त्याच मैदानावर २०१३ व २०१४ मध्ये वैयक्तिक स्पर्धा झाली. तिचे विजेते अनुक्रमे अर्जेंटिनाचा हुआन मोनाको आणि जर्मनीचा फिलिप कोलश्रायबर हे होते. २०१५ पासून कॅलेंडरमधील तो आठवडा जिनिव्हाच्या स्पर्धेकडे गेला. २०१८ मध्ये एटीपीने ऑस्ट्रेलियात नवी सांघिक स्पर्धा घोषित करताना प्रथम ‘वर्ल्ड टीम कप’ हेच नाव वापरले होते, पण २०२० मध्ये ती २४ संघांनिशी, हार्ड कोर्टवर, ‘एटीपी कप’ या नावाने सुरू झाली आणि २०२३ पासून तिची जागा मिश्र संघांच्या युनायटेड कपने घेतली.