टाचेतला खिळा आणि पत्रातली प्रार्थना

माणसाच्या उजव्या टाचेच्या हाडात आरपार गेलेला, गंजलेला लोखंडी खिळा. लांबी साडेअकरा सेंटिमीटर, टोक वळलेलं. १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेला गिवत हामिवतार इथे बांधकामाच्या वेळी खडकात कोरलेली जुनी ज्यू थडगी उघडी पडली. त्यातल्या एका दगडी अस्थिपेटीवर येहोहानान हे नाव होतं आणि पेटीत हे हाड. ठोकताना टोक वाकलं, म्हणून खिळा उपसता आला नसावा. नातेवाइकांनी तो हाडासकट पुरला. पहिल्या शतकात क्रूसावर दिलेल्या माणसाचा इतका थेट पुरावा तोवर कुणी पाहिला नव्हता.

१९७० मध्ये शरीरशास्त्रज्ञ निकू हास यांनी मत मांडलं, की एकच खिळा दोन्ही टाचांमधून गेला होता. १९८५ मध्ये जो झियास आणि एलिएझर सेकेलेस यांनी नव्याने मोजमाप केलं, तर दोन टाचा भेदायला खिळा पुरतच नव्हता. पाय खांबाच्या दोन बाजूंना वेगवेगळे ठोकले असावेत, असं त्यांनी म्हटलं. हाड तेच, अर्थ मात्र बदलला.

या हाडाचा येशूशी थेट संबंध नाही, तरी एका मोठ्या वादात ते महत्त्वाचं ठरतं. क्रूसावरची प्रेतं सहसा कुत्र्या-गिधाडांसाठी सोडली जात, त्यामुळे येशूच्या दफनाची कथा मागाहून रचलेली असावी, असं जॉन डॉमिनिक क्रॉसन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. येहोहानानला मूठमाती मिळाली म्हणून येशूलाही मिळालीच, असं सिद्ध होत नाही. पण अशा माणसाचं रीतसर दफन होऊच शकत नव्हतं, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

येशूला देहदंड झाला, याबद्दल बहुतेक इतिहासकारांना शंका नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या सुमारास यहूदियाचा रोमन अधिकारी पिलात याने दिलेल्या या शिक्षेचा उल्लेख करतो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल जराही प्रेम नव्हतं. पिलातचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाला सापडला. ज्यू इतिहासकार जोसिफसच्या मजकुरात नकलकारांनी भर घातली आहे. पण 'ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब' हा त्याचा ओझरता उल्लेख बहुतेकांना अस्सल वाटतो.

खरं कोडं पुढे आहे. गुन्हेगार म्हणून मारलेल्या माणसाला लोक 'प्रभू' म्हणू लागले ते कधी आणि कसे?

इथे सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल. त्याची पत्रं शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांच्या, आधीची. साधारण इ.स. ५३ ते ५५च्या दरम्यान करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना तो सांगतो, की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना. पाठांतराने ज्ञान सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही घडण लगेच ओळखू येईल. छोटी, तोलून बांधलेली वाक्यं. तोंडपाठ करायला केलेली. गलतीकरांना लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात पौल म्हणतो, की आपण जेरुसलेमला केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि याकोबालाही भेटलो. ही भेट इ.स. ३० ते ४०च्या दरम्यानची, म्हणजे क्रूसानंतर काही वर्षांतलीच असावी. घटना आणि विश्वास यांच्यातलं अंतर इतकं कमी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

करिंथच्या त्याच ग्रीक पत्राच्या शेवटी अरामी, म्हणजे येशूच्या बोलीतले, दोन शब्द येतात: 'माराना था', 'आमच्या प्रभू, ये'. इंग्रजीत पत्र लिहून शेवटी आपण मराठीत 'सांभाळून राहा' लिहावं, तसे. येशूची प्रभू म्हणून उपासना ग्रीकभाषक मंडळ्यांत सुरू झाली, असं विल्हेल्म बुसेट यांनी १९१३ मध्ये मांडलं होतं. लॅरी हर्टाडो यांनी या शब्दांवर बोट ठेवून म्हटलं, की ही प्रार्थना अरामी बोलणाऱ्या पहिल्या ज्यू अनुयायांचीच आहे. मला हर्टाडोंचं म्हणणं जास्त पटतं. मात्र जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. 'मारान अथा' असं तोडलं, तर अर्थ होतो 'आमचा प्रभू आला आहे'.

पुनरुत्थानापाशी वाटा आणखी फुटतात. गेर्ड ल्यूडेमान यांच्या मते पेत्राला शोक आणि अपराधी भावनेतून दर्शन झालं. एन. टी. राइट यांचा आक्षेप असा, की मेलेला माणूस दिसणं प्राचीन लोकांना नवं नव्हतं; तेवढ्यावरून कुणी तो 'देहासह उठला' म्हणत नसे, त्यासाठी रिकामी कबरही हवी. आता येशू कुणाकुणाला दिसला याची पौलाची यादी पाहा. तिच्यात रिकाम्या कबरीचा शब्द नाही, स्त्रियाही नाहीत, आणि स्वतःला झालेल्या दर्शनासाठी तो पेत्रासाठी वापरलेलंच क्रियापद वापरतो.

कबरीवर गेलेल्या स्त्रिया भेटतात त्या मार्कच्या शुभवर्तमानात, बहुतेकांच्या मते इ.स. ७०च्या सुमारास. सिनायटिकस या चौथ्या शतकातल्या पोथीत मार्कच्या आज छापल्या जाणाऱ्या शेवटच्या बारा ओव्या नाहीत. तिथे स्त्रिया रिकाम्या कबरीतून थरथरत पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात. मार्कचा मजकूर तिथेच थांबतो.