वीरगळ (सातारा-सांगली परिसर)

वीरगळ म्हणजे लढताना कामी आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. तिथल्या ‘वीरगल्लु’चे मराठीत वीरगळ झाले. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे दगड देवळाच्या आवारात, वेशीपाशी, पाराच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर उभे दिसतात. गावात त्याला ‘वीर’ किंवा ‘वीराचा दगड’ म्हणतात. तो कोणाचा हे विसरले गेले, की शेंदूर चढतो आणि हळूहळू त्याचा म्हसोबा होतो. मरणाची गोष्ट पायरीपायरीने चित्रांत सांगणारे इतके नेटके साधन मराठी मुलखात दुसरे नाही.

रचना. दगड बहुधा इथलाच काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. जमिनीवरची उंची साधारण २ ते ५ फूट, रुंदी १ ते २ फूट. खालचा काही भाग मुद्दाम अनगड ठेवतात, कारण तो जमिनीत गाडायचा असतो. दर्शनी बाजूवर एकावर एक तीन किंवा चार चौकटी आणि त्यांच्यामध्ये सपाट पट्ट्या असतात. कर्नाटकात या पट्ट्यांवर अनेकदा वीराचे नाव, राजाचे नाव, तिथी आणि झुंजीचे कारण कोरलेले असते. आपल्याकडे बहुतेक पट्ट्या कोऱ्या आहेत. त्यामुळे मेला कोण हे कळत नाही, कसा मेला ते मात्र कळते.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला असतो. त्याच चौकटीत गायींची रांग असेल, तर तो गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना पडला असे समजावे. मध्ययुगात गोधन पळवणे म्हणजे गाव लुटणेच होते. वाघ किंवा रानडुक्कर दिसले, तर मरण शिकारीतले किंवा गावाच्या राखणीतले. त्यावरच्या चौकटीत झुंज असते. वीर ढाल-तलवार घेऊन, धनुष्य ताणून किंवा घोड्यावर, आणि समोरच्यांपेक्षा आकाराने मोठा. चेहरा झिजून गुळगुळीत झाला, तरी मानेमागचा केसांचा बुचडा बोटाला लागतो. तिसऱ्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला काखेत हात घालून वर नेतात, कधी विमानात बसवून. सर्वांत वर शिवलिंग, शेजारी नंदी, एका बाजूला पुजारी आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला वीर. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य: आकाशात ते आहेत तोवर ही कीर्ती राहो, म्हणजेच आचंद्रार्क.

मरण तळाला आणि पूजा माथ्याला हा क्रम योगायोगाचा नाही. पाहणाऱ्याला आधी मेलेला माणूस दिसतो आणि मग मान वर करत करत तो जिवंत होत जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितले आहे, ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गम्’. तोच विचार कर्नाटकातील अनेक वीरगळांवर एका श्लोकात कोरलेला सापडतो:

जितेन लभ्यते लक्ष्मीर्मृतेनापि सुराङ्गना ।
क्षणविध्वंसिनि काये का चिन्ता मरणे रणे ॥

जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा. क्षणात नष्ट होणाऱ्या या देहासाठी रणातल्या मरणाची चिंता कशाला? तिसरी चौकट म्हणजे या श्लोकाचा दुसरा चरण. मराठीतला ‘धारातीर्थी पडणे’ हा शब्दप्रयोगही याच घरातला: तलवारीची धार हेच तीर्थ. आणि माथ्याची चौकट तर रोजच्या वापरात आहे. सातारा-सांगलीकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर, स्मृतिचषकावर, लग्नपत्रिकेतल्या आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लागते. कैलासवासी म्हणजे शिवाच्या सान्निध्यात जाऊन बसलेला. दगडावर नेमके तेच कोरलेले असते. माळकऱ्याच्या नावामागे ‘वै.’ येते, कारण त्याची वाट वैकुंठाची.

सतीशिळा. वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वाकलेला हात दिसतो. पंजा उघडा, मनगटात बांगड्या. चुडा शाबूत म्हणजे सौभाग्य अखंड, असा त्या हाताचा अर्थ. वीरगळावर देहाला जागा आहे, इथे बाई फक्त हातापुरती उरली आहे. १८२९ मध्ये बंगाल इलाख्यात आणि १८३० मध्ये मुंबई इलाख्यात सतीबंदी आली. साताऱ्याचे राज्य मात्र तेव्हा वेगळे संस्थान होते, मुंबई इलाख्याचा भाग नव्हते. १८४८ मध्ये ते खालसा झाले. १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरणही गुन्हा ठरवले.

आढळ. वाई तालुक्यातील किकली हे चंदन-वंदन किल्ल्यांच्या परिसरातले गाव वीरगळांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात ते ओळीने पाहायला मिळतात. ज्याला वाचन शिकायचे आहे, त्याने सुरुवात इथून करावी, कारण एकाच जागी चौकटींचे वेगवेगळे नमुने ताडून पाहता येतात. सज्जनगडाच्या पायथ्याच्या परळीतही जुन्या शिवमंदिराजवळ असे दगड आहेत. जत तालुका कर्नाटकाला लागून आहे. शब्दासारखीच ही प्रथाही तिकडून इकडे एकसंध पसरलेली आहे, तिला जिल्ह्याची हद्द नाही.

वाचताना होणाऱ्या चुका. अप्सरांना वीराच्या बायका समजणे ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे कोणताही जुना कोरीव दगड वीरगळ ठरवणे. गाय-वासरू कोरलेली धेनुगळ आणि गाढव कोरलेली गद्धेगाळ हे दानाचे व शापाचे दगड आहेत, त्यांचा मरणाशी संबंध नाही. तिसरी चूक काळाची. लेख नसेल, तर वेश, शस्त्रे आणि चौकटीच्या धाटणीवरून शतकाचा अंदाज तेवढा बांधता येतो. इथे चालुक्य, शिलाहार आणि यादव अशा सत्ता होऊन गेल्या. तरी दिसला दगड की ‘यादवकालीन’ म्हणून मोकळे व्हायची सवय लागली आहे. ती सोडलेली बरी.

नोंद घेणे. सकाळी सूर्य डोक्यावर येण्याआधी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात फोटो काढावा. दुपारी कोरीवकाम सपाट दिसते. सावलीतल्या दगडासाठी टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. शेजारी मोजपट्टी ठेवून समोरून, मागून आणि दोन्ही कडांनी फोटो घ्यावेत. काही दगड चारही बाजूंनी कोरलेले असतात. मग उंची, रुंदी, जाडी मोजावी, चौकटींना खालून वर क्रमांक द्यावेत आणि गावातले नाव व पूजेचा दिवस गुरवाकडून विचारून घ्यावा. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, पीठ किंवा तेल लावू नये. शेवाळ असेल तर मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे. तारेचा ब्रश आणि ॲसिड कधीच नको.

नुकसान. सर्वांत वाईट ऑइलपेंट. जत्रेच्या आधी देऊळ रंगवताना वीरगळही रंगतो. रंगाने दगडातली ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटून नाक-डोळे निघून येतात. जीर्णोद्धारात वीरगळ सिमेंटने भिंतीत बसवतात, कधी उलटाच. कुठे तो धुण्याचा दगड होतो. आवारात पेव्हिंग ब्लॉक घातले की जमीन चढते आणि तळाची चौकट गाडली जाते. नेमके मरणच जमिनीखाली जाते. वर उरतो तो पूजा करत बसलेला एक माणूस, आणि पुढची पिढी त्याला साधू समजते.

पुढची रूपे. मराठेशाहीत वीरगळाची जागा समाधी, वृंदावन आणि पादुकांनी घेतली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, अशा समाध्यांची दाटी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही तिथलीच म्हणून दाखवतात. कुत्र्याचे स्मारक ही नवी गोष्ट नाही. कर्नाटकातल्या अतकूरचा दहाव्या शतकातला, रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचा दगड आहे. घराघरांत वीर देव्हाऱ्यात चांदीच्या टाकावर आला आणि दसऱ्याला तो चिंचेने घासूनपुसून पुन्हा मांडला जातो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. त्यावर ना अप्सरा आहेत ना कैलास.