हेडलाइटची काच नितळ करणे

मोटारगाडीच्या पुढील दिव्यांची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळट व धुरकट झाली असता तिचा निकामी झालेला पृष्ठथर घासून काढणे, खालचा भाग गुळगुळीत करणे व त्यावर जंबुपार (अतिनील) किरण अडविणारा नवा थर देणे, अशी ही घरच्या घरी करता येणारी दुरुस्ती आहे. तिच्या बहुतेक वर्णनांत घासण्याला आणि चकाकीला जास्त जागा मिळते. टिकाऊपणा मात्र जवळजवळ सर्वस्वी शेवटच्या थरावर अवलंबून असतो.

ही काच पॉलिकार्बोनेट या बहुवारिकाची (पॉलिमरची) असते. त्याच्या शोधाच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेट आइनहॉर्न (प्रोकेन या बधिरकाचेही जनक) यांनी १८९८ मध्येच हायड्रोक्विनोन व रिसॉर्सिनॉल यांची फॉस्जीनाशी विक्रिया घडवून या वर्गातील पदार्थ मिळविले होते. १९३० च्या सुमारास वॉलेस कॅरोदर्स यांनी मेदी (बेंझीनवलय नसलेल्या) पॉलिकार्बोनेटांचा अभ्यास केला. तथापि ती कमी तापमानालाच वितळत असल्याने व्यवहारात उपयोगी पडली नाहीत. आज वापरात असलेले, बिस्फिनॉल-ए पासून बनणारे पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये बायर या जर्मन कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी परस्परांना नकळत तयार केले. फॉक्स हे विद्युत् तारांवरील निरोधक लेपाच्या शोधात होते, पारदर्शक प्लॅस्टिकाच्या नव्हे. दोन्ही कंपन्यांनी अमेरिकेत एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केले, तेव्हा ज्याला अग्रक्रम मिळेल त्याने दुसऱ्यास परवाना द्यावा असा समझोता झाला व अग्रक्रम बायरला मिळाला. त्यामुळे काही संदर्भग्रंथ केवळ श्नेल यांचे नाव देतात. परंतु हा निर्णय एकस्वाच्या कायद्यापुरता होता. शोध दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला असे मानणेच अधिक सयुक्तिक होय. ‘माक्रोलोन’ व ‘लेक्सन’ या व्यापारी नावांनी त्याचे उत्पादन १९६० च्या आगेमागे सुरू झाले.

पॉलिकार्बोनेटाची घनता सुमारे १.२ ग्रॅ. प्रति घन सेंमी., म्हणजे साध्या काचेच्या निम्म्याहून कमी असते. ते खडा लागून सहसा फुटत नाही, सुमारे १४७° से. पर्यंत आकार टिकवते आणि कोणत्याही वळणदार साच्यात ओतता येते. दिव्याच्या दृष्टीने त्याचे दोष दोन : पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर चटकन ओरखडे पडतात आणि सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण त्याला सोसत नाहीत.

अमेरिकेत १९४० पासून काचेचे, बल्बसह सीलबंद केलेले दिवे नियमाने ठरलेले होते. फोर्ड कंपनीने १९८१ मध्ये केलेली विनंती मान्य होऊन १९८३ मध्ये बदलता येणारा बल्ब व प्लॅस्टिकची काच असलेल्या दिव्यांना परवानगी मिळाली. १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन ही असे दिवे लावलेली तेथील पहिली गाडी मानली जाते. युरोपात प्लॅस्टिकच्या काचा साधारणपणे १९९० नंतरच्या दशकात रुळल्या. काच धुरकट होण्याची तक्रार व तिच्यावरील घरगुती उपाय हे त्यामानाने अलीकडचे आहेत. त्याच गाडीचे मागचे लाल दिवे इतके खराब होत नाहीत, कारण ते बहुधा ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक जंबुपार किरणांना मुळातच चांगले तोंड देते, परंतु आघात व उष्णता यांपुढे ते पॉलिकार्बोनेटाइतके टिकत नाही.

कारणे : कारखान्यातून येणाऱ्या काचेवर ॲक्रिलिक किंवा सिलिकोन जातीचा कठीण लेप असतो. त्याची जाडी साधारण ५ ते १५ मायक्रोमीटर एवढीच असते. लेपात जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ही द्रव्ये स्वतःही उन्हात हळूहळू झिजतात. ती संपत आली, वा वाळूकणांच्या माऱ्याने लेपाला चिरा पडल्या, की खालचे प्लॅस्टिक उघडे पडते. म्हणूनच एकाच काचेवर वरचा, आकाशाकडे वळलेला भाग आधी पिवळा पडतो आणि लेप ठिगळांसारखा सुटू लागतो.

पिवळेपणा नेमका कोणत्या विक्रियेने येतो यावर बहुवारिक-रसायनशास्त्रात बरीच चर्चा झाली आहे. एका मतानुसार कार्बोनेट गट किरण शोषून फुटतो व त्याचे अणू वेगळ्या जागी जोडले जातात (प्रकाश-फ्राइस पुनर्रचना). त्यातून आधी फिनिल सॅलिसिलेटासारखे आणि पुढे डायहायड्रॉक्सिबेंझोफिनोनासारखे गट तयार होतात. दुसऱ्या मतानुसार साखळीतील मिथिल गटांवर ऑक्सिजनाचा हल्ला होतो, पेरॉक्साइडे बनतात, साखळ्या तुटतात व वलयांच्या ऑक्सिडीभवनातून रंगीत संयुगे निर्माण होतात. दोन्ही विक्रिया प्रयोगशाळेत दिसतात. कोणती वरचढ ठरते ते प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पहिली प्रबळ असते. भूपृष्ठावर पोहोचणारा सूर्यप्रकाश मात्र २९५ नॅनोमीटरच्या आसपास सुरू होतो व तेथे ऑक्सिडीभवनाचे पारडे जड असते. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या विक्रियेतून बनलेली अल्प द्रव्ये ऑक्सिडीभवनाला चालना देत असावीत, हे त्याच्याशी विसंगत नाही.

या वादातून दुरुस्तीसाठी एक उपयुक्त गोष्ट निघते. जंबुपार किरण पॉलिकार्बोनेटात फार खोल शिरत नाहीत. बिघाड मिलिमीटरच्या काही शतांशांपुरता मर्यादित राहतो आणि काचेची एकूण जाडी साधारण ३ मिमी. असते. त्यामुळे काच घासून वाचविता येते.

धूसरतेचे मापन : काचेतून एकूण किती प्रकाश पार होतो व त्यातील किती भाग वाट सोडून पसरतो, या दोन वेगळ्या राशी आहेत. प्रमाणित चाचणीत मूळ दिशेपासून २.५ अंशांहून जास्त वळलेला प्रकाश धूसरता म्हणून मोजतात. धुरकट काचेतून पुष्कळसा प्रकाश बाहेर पडत असतो, पण तो रस्त्यावर जाण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दिवे अपुरे वाटतात म्हणून अधिक प्रखर बल्ब बसविल्यास हे प्रकीर्णन वाढतेच, म्हणून तो उपाय चुकीचा होय. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत खराब काचांच्या दिव्यांतून नव्याच्या सुमारे एक-पंचमांश प्रकाश मिळत असल्याचे आढळले. काच नितळ केल्यावर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले. फायदा मोठा आहे, पण दिवा नव्यासारखा होत नाही.

पद्धत : काच साबणाच्या पाण्याने धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावतात. नंतर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर (वॉटर पेपर) आधी भरड व मग क्रमाने बारीक असा फिरवितात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलल्यास आधीचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसते. भरड कागदाचे काम जुना लेप संपूर्ण काढण्याचे असते. ओघळणारे पाणी प्रथम पिवळसर असते. ते पांढरे होऊन काच सर्वत्र सारखी दुधी दिसू लागली की हा टप्पा झाला असे समजतात. येथे घाई केल्यास लेपाची बेटे शिल्लक राहतात व ती पुढे कितीही पॉलिश केले तरी कडांवर ठसठशीत दिसतात.

कागदाच्या क्रमांकांबाबत गोंधळ फार आहे. युरोपीय श्रेणीत क्रमांकाआधी ‘पी’ असतो व तीत पी ४०० चा सरासरी कण सुमारे ३५, पी ८०० चा २१.८, पी १००० चा १८.३, पी १५०० चा १२.६ आणि पी २००० चा १०.३ मायक्रोमीटर असतो. जुन्या अमेरिकन श्रेणीतील ४०० हा आकडा जवळपास पी ८०० शी व ६०० हा पी १२०० शी जुळतो. म्हणजे ‘४०० ने सुरुवात करा’ या सल्ल्याचे दोन अर्थ होतात. त्यांपैकी भरड अर्थ घेतल्यास पडलेले खोल ओरखडे काढण्यातच सारा वेळ जातो. लेप फारसा सुटलेला नसेल तर पी ८०० वा पी १००० ने आरंभ करणे पुरेसे ठरते. युरोपीय प्रमाणश्रेणी मुळात पी २५०० पर्यंतच होती. त्यामुळे ३००० वा ५००० हे आकडे पुष्कळदा उत्पादकांचे स्वतःचे असतात व एकाचे दुसऱ्याशी जुळतीलच असे नाही.

घासलेली काच पाणी ओतताच स्वच्छ दिसते आणि सुकली की पुन्हा पांढरी पडते. पॉलिकार्बोनेटाचा प्रणमनांक (प्रकाश किती वळतो ते दाखविणारा अंक) सुमारे १.५८५, हवेचा १ व पाण्याचा १.३३ आहे. ओरखड्यांत पाणी भरले की दोहोंतील फरक निम्म्याहून कमी होतो व प्रकीर्णन घटते. पारदर्शक लेपाचा प्रणमनांक १.५ च्या आसपास असल्याने तो हेच काम अधिक चांगले व कायमचे करतो.

यातूनच पॉलिशविषयीचा मतभेद उद्भवतो. एका पद्धतीत ३००० क्रमांकाच्या बारीक कागदानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या लेपाने, फडक्याने वा यंत्रावरील फोमने आरशासारखी चकाकी आणतात. यंत्र एका जागी रेंगाळल्यास प्लॅस्टिक तापून मऊ होते, म्हणून ते कमी वेगाने व सतत हलते ठेवावे लागते. दुसऱ्या पद्धतीत पॉलिश वगळून बारीक घासलेल्या पृष्ठभागावरच लेप देतात. ओरखडे लेपाने भरून निघतात आणि किंचित खरखरीत पृष्ठभागावर त्याची पकडही चांगली बसते. नुसत्या मेणावर भागवायचे असेल तर पॉलिश अटळ आहे. टिकाऊ लेप द्यायचा असेल तर दुसरी पद्धत सरस दिसते.

संरक्षक थर : घासताना कारखान्यातील लेप, म्हणजे काचेचे उन्हापासूनचे एकमेव संरक्षण, आपण स्वतः काढून टाकलेले असते. तसेच सोडून दिल्यास काच काही महिन्यांतच, कडक उन्हात त्याहूनही लवकर, पुन्हा पिवळी पडू लागते. मेण किंवा सीलंट फार काळ टिकत नाही व वारंवार द्यावे लागते. फडक्याने पुसून लावण्याचे लेप घरी सोयीचे असतात. काही सूर्यप्रकाशानेच घट्ट होतात. बाहेरच्या लाकूडकामासाठी असलेले जंबुपाररोधक पॉलियुरेथेन व्हार्निश पातळ करून लावण्याचीही पद्धत आहे. सर्वांत टिकाऊ समजला जाणारा दोन घटकांचा फवारलेप मात्र आयसोसायनेटयुक्त असतो. त्याचा फवारा श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो व धुळीचा साधा मास्क त्याला अडवीत नाही. तो घरी वापरू नये, असेच सांगावे लागते. पारदर्शक पॉलियुरेथेनाची चिकट फिल्म हा आणखी एक पर्याय आहे. लेप कोणताही असो, काच पूर्ण कोरडी व तेलमुक्त हवी. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. ॲसिटोनाने मात्र पॉलिकार्बोनेट पांढरे पडून तडकते.

इतर घरगुती उपाय : टूथपेस्टमधील सिलिका वा कॅल्शियम कार्बोनेटाच्या कणांनी हलकी धूसरता खरोखरच कमी होते. सुटलेल्या लेपापुढे तिचा प्रभाव पडत नाही आणि संरक्षण तर ती देतच नाही. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र केल्यास दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात व सोडियम ॲसिटेटाचे पाणी उरते. घासले जाते ते न विरघळलेल्या सोड्याच्या कणांनी. खनिज तेलाचे फवारे ओरखडे भरून तात्पुरती चमक देतात. कीटकरोधकातील डीट हे द्रव्य प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून क्षणभर नितळ करते, पण त्याने बारीक तडे जातात आणि ओघळ गाडीच्या रंगावर आल्यास रंगही बिघडतो.

क्लोरिनयुक्त विद्रावकाची वाफ तापत्या भांड्यातून काचेवर सोडण्याची पद्धतही प्रचारात आहे. डायक्लोरोमिथेन सुमारे ४०° से. ला उकळते व पॉलिकार्बोनेट त्यात विरघळते, त्यामुळे पृष्ठभाग वितळून पाहता पाहता आरशासारखा होतो. परंतु जंबुपार संरक्षण यानेही मिळत नाही आणि वाफ घातक असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये या द्रव्याच्या घरगुती वापरावर बंदी घालणारा नियम केला.

मर्यादा : काचेच्या आतल्या बाजूचे बाष्प, धूळ किंवा तापलेल्या भागांतून निघून जमलेला थर बाहेरून घासून जात नाही. प्लॅस्टिकमध्ये खोलवर गेलेली तड्यांची जाळीही निघत नाही. ती तिरक्या प्रकाशात चमकते, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी काच टॉर्चने बाजूने पाहावी. बल्बमागील परावर्तकाचा मुलामा उडाला असल्यास काच नितळ करूनही प्रकाश वाढत नाही. अशा वेळी पूर्ण दिवाच बदलावा लागतो.