इंग्लंडमधल्या मुलींच्या ग्रामर स्कूलचा प्रवेश: परीक्षेची नोंदणी वेगळी, शाळेचा अर्ज वेगळा

इंग्लंडमधल्या मराठी घरांत मुलगी इयर फाइव्हला (वय नऊ-दहा) गेली की इलेव्हन प्लसचा, म्हणजे ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचा, विषय निघतोच. ट्यूशन कुठली लावायची, सराव पेपर कुठले घ्यायचे, यावर खूप बोलणं होतं. अर्ज कुठे, कधी आणि किती भरायचे, हे मात्र बऱ्याच पालकांना उशिरा कळतं. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलीची संधी केवळ एका चुकलेल्या तारखेमुळे जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ग्रामर स्कूल म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी, फी नसलेली, पण परीक्षा घेऊन मुलं निवडणारी माध्यमिक शाळा. इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा आहेत आणि १९९८च्या कायद्याने नव्या काढायला बंदी आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा प्रकार नाही. इंग्लंडमध्येही तो ठरावीक भागांतच उरला आहे. हॅरोमध्ये एकही ग्रामर नाही. स्लाउमध्ये चार आहेत, पण चारही मुलामुलींच्या एकत्र. फक्त मुलींसाठी म्हटलं तर उत्तर लंडनमध्ये हेन्रिएटा बार्नेट, किंग्स्टनमध्ये टिफिन गर्ल्स, सटन भागात नॉनसच आणि वॉलिंग्टन, रेडिंगमध्ये केंड्रिक, बर्मिंगहॅममध्ये कॅम्प हिल गर्ल्स ही नावं आपल्या लोकांच्या बोलण्यात येतात.

पात्रतेत पहिली अट वयाची. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षात जन्मलेली मुलं एका वर्गात धरतात आणि इयर सेव्हनचा, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाचा, प्रवेश अकरा पूर्ण झाल्यावर होतो. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलगी सप्टेंबरच्या मुलीपेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असते. बहुतेक परीक्षांत गुण वयानुसार जुळवून घेतले जातात, तेव्हा लहान मुलीच्या पालकांनी त्या भीतीने मागे हटू नये.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर आलेल्यांच्या ई-व्हिसावर सरकारी मदत मिळणार नाही असा शेरा असतो आणि तो वाचून काही जण सरकारी शाळेचा अर्जच करत नाहीत. शाळेचं शिक्षण त्या मदतीत मोडत नाही. आईवडिलांच्या व्हिसाशी जोडलेल्या डिपेन्डन्ट व्हिसावरच्या मुलीला या शाळांचा हक्क इतरांइतकाच आहे. व्हिजिटर व्हिसावर मात्र सरकारी शाळेत प्रवेश घेता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे दोन स्वतंत्र अर्ज असतात. पहिला परीक्षेच्या नोंदणीचा. तो शाळेकडे किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे, मुलगी इयर फाइव्हमध्ये असतानाच, बहुतेक ठिकाणी उन्हाळी सुटी लागायच्या आधी भरायचा. केंटमध्ये ही खिडकी साधारण जून महिनाभरच उघडी असते. परीक्षा बहुधा सप्टेंबरमध्ये, इयर सिक्स सुरू होताच. काही शाळांत दोन फेऱ्या असतात: नॉनसच आणि वॉलिंग्टनसाठी आधी सटनची एकत्रित परीक्षा, त्यात पुढे गेलेल्या मुलींची मग दोन्ही शाळा मिळून दुसरी परीक्षा. या परीक्षांना फी नसते.

दुसरा अर्ज तुम्ही राहता त्या काउन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे), ३१ ऑक्टोबरच्या आत. शाळा दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असली तरी अर्ज आपल्याच काउन्सिलकडे करायचा. मुलगी परीक्षेत कितीही चमकली आणि या अर्जात शाळेचं नाव नसलं, तर जागा मिळत नाही. परीक्षेचा निकाल शक्यतो या तारखेआधी कळवायचा असा शाळांना नियम आहे, त्यामुळे निकाल हातात घेऊन नावं ठरवायला थोडे दिवस मिळतात.

लंडनमध्ये सहा शाळांची नावं देता येतात, इतर ठिकाणी किमान तीन. पसंतीक्रमाबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे, की पहिल्या क्रमांकावर टाकलं तरच ती शाळा घेते. हे खरं नाही. तुम्ही शाळेला कितव्या क्रमांकावर टाकलं, यावरून तिला निवड करता येत नाही. मुलगी ज्या ज्या शाळांच्या निकषांत बसते, त्यांतली तुमच्या यादीत सर्वांत वर असलेली शाळा तिला मिळते. म्हणून मनातला खरा क्रम लिहा आणि शेवटी घराजवळची, अंतरावरून नक्की मिळेल अशी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे परीक्षा न घेणारी सरकारी, शाळा घाला. ती न घालणाऱ्यांना १ मार्चला, म्हणजे निकालाच्या दिवशी, कुठलीतरी लांबची रिकामी शाळा पदरात पडू शकते.

पास होणं म्हणजे प्रवेश नव्हे, हेही घरात आधीच बोलून ठेवा. बकिंगहॅमशरमध्ये १२१ गुणांना मुलगी पात्र ठरते, पण पात्र मुली जागांपेक्षा जास्त झाल्या की घराचं अंतर आणि कॅचमेंट (शाळेने ठरवलेला परिसर) बघतात. काही शाळा मात्र गुणांच्या क्रमानेच जागा देतात. तिथे दोन-चार गुणही फार मोठे. आपली शाळा कुठल्या प्रकारची, हे तिच्या प्रवेश धोरणात लिहिलेलं असतं. ट्यूशनवर पैसे खर्च करण्याआधी ती पानं वाचा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

कागद फार लागत नाहीत. काउन्सिल टॅक्सचं बिल आणि भाडेकरार हे पत्त्याचे मुख्य पुरावे. ओळखीच्यांचा पत्ता वापरल्याचं उघड झालं तर दिलेली जागा काढून घेतली जाते. परीक्षेच्या दिवशी ओळखीसाठी मुलीचा फोटो मागू शकतात. जागा मिळाल्यावर जन्मतारखेचा पुरावा मागतात, मात्र आईवडिलांची माहिती असलेला मोठा जन्मदाखला मागायची त्यांना परवानगी नाही. डिस्लेक्सियासारख्या कारणाने जादा वेळ हवा असेल, तर शाळेचं पत्र किंवा तज्ज्ञांचा अहवाल नोंदणीबरोबरच द्यावा.

शाळा निवडताना निकालांच्या तक्त्यांपेक्षा प्रवास आधी बघा. सात वर्षं, हिवाळ्यातही, रोज दोन बस आणि एक ट्रेन हे अकरा वर्षांच्या मुलीला झेपेल का? ओपन डेला (शाळा बघायला खुली असते त्या दिवशी) लेकीला सोबत न्या, तिथल्या मुली तिच्याशी कशा बोलतात ते बघा आणि तिचं मत विचारा. नुसत्या मुलींच्या वर्गात काहीजणी फुलतात, काहींना गुदमरायला होतं.

जागा मिळाली नाही तर प्रतीक्षा यादीत नाव ठेवा. प्रवेशाच्या वर्षी निदान ३१ डिसेंबरपर्यंत ती चालवावी लागते. स्वतंत्र मंडळापुढे अपीलही करता येतं. तिथे प्राथमिक शाळेतली प्रगती आणि शिक्षकांचं पत्र दाखवावं लागतं. वय सोळा झाल्यावर जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) गुणांवर सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी, यांतल्या बऱ्याच शाळा बाहेरच्या मुली घेतात, आणि तिथे इलेव्हन प्लसचे गुण कोणी विचारत नाही.