रक्तातील मेद आणि हृदयविकाराचा धोका

रक्तातून फिरणारे कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड यांसारखे मेद आणि हृदयाच्या धमन्यांत साचणारे थर यांचा संबंध शोधणारे हे संशोधन शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ‘कोलेस्टेरॉल वाढले की हृदयविकार होतो’ एवढ्यावर त्याची बोळवण केली जाते. संशोधकांचा कस मात्र एका जास्त अवघड प्रश्नाने लावला. रक्तातली कोणती गोष्ट रोग घडवते आणि कोणती नुसती रोगाच्या बरोबरीने दिसते?

मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो रक्तातून प्रथिनांच्या आवरणात बसून जातो. मेद आणि प्रथिन यांच्या या सूक्ष्म कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. त्यांतले एलडीएल, म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणवले जाणारे कण, धमनीच्या आतल्या अस्तरात शिरून तिथे अडकतात. त्यांना गिळायला आलेल्या भक्षक पेशी मेदाने इतक्या फुगतात, की सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाच्या बुडबुड्यांसारख्या दिसतात. त्यांना फेनपेशी असेच नाव आहे. असा थर वर्षानुवर्षे जाड होत जातो. एखाद्या दिवशी त्याचे पापुद्र्यासारखे आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका येतो.

रोगट महाधमनीत निरोगी महाधमनीपेक्षा वीसपटीहून जास्त कोलेस्टेरॉल असते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांनी १९१० मध्ये दाखवले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले. त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार झाले. नुसते तेल खाणारे ससे ठणठणीत राहिले. तरीही या प्रयोगाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले, कारण उंदीर आणि कुत्रे यांच्यावर तसा परिणाम दिसेना. या प्राण्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल तशा आहाराने फारसे वाढतच नाही, हा खुलासा पुढे झाला. पण त्यात बहुमोल वर्षे गेली.

१९५० मध्ये जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज वापरून लिपोप्रोटीनचे प्रकार वेगळे केले. त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ रहिवाशांची दीर्घकाळ चालणारी पाहणी सुरू झाली होती. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब जास्त असलेल्यांना पुढे हृदयविकार अधिक होतो, हे तिने १९६१ पर्यंत दाखवले. पण बरोबरीने दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे, आणि टीकाकारांचा हा आक्षेप रास्तच होता.

त्याचे उत्तर काही कुटुंबांच्या दुर्दैवातून मिळाले. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलविकारात जन्मापासूनच एलडीएल खूप जास्त असते. टाचेमागचा जाड स्नायुबंध हाताला खडबडीत लागतो, बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी येतात. या गाठींमध्ये कोलेस्टेरॉलच साठलेले असते. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा विकार असतो. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलांना तर शाळेच्या वयात झटका येऊ शकतो. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. निरोगी पेशी एलडीएल आत ओढून घेत आणि स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे थांबवत. रुग्णांच्या पेशींना बाहेरच्या एलडीएलचा पत्ताच लागत नसे. एलडीएल पकडणारा ग्राही त्यांच्यात नव्हता किंवा बिघडलेला होता. या शोधाला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे संशोधन चालू होते त्याच काळात जपानमध्ये अकिरा एंडो सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासत होते. १९७३ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीत त्यांना पहिले स्टॅटिन, म्हणजे शरीरात कोलेस्टेरॉल बनणे रोखणारे औषध, सापडले. उंदरांवर ते चालले नाही, पण अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल त्याने निम्म्यापर्यंत खाली आले. कोंबड्यांवर प्रयोग करून पाहण्याचे सुचले नसते, तर हे औषध कदाचित तिथेच संपले असते. कोलेस्टेरॉल उतरवून माणसे खरेच जास्त जगतात का, याबद्दलची शंका १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीने दूर केली. आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ जणांपैकी नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात २५६ मृत्यू झाले, तर सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२. एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले, की झटका आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने घटतात, असे पुढच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशोबातून दिसले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २००६ चा पुरावा. पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे काही कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते. त्यांच्यात हृदयधमनीविकार मात्र ८८ टक्क्यांनी कमी आढळला. पाच वर्षे औषध घेऊन मिळणारा फायदा याच्या जवळपासही जात नाही. धमनीवर किती एलडीएलचा मारा किती वर्षे झाला, यावर धोका ठरतो, हे यातून उघड होते.

‘चांगले’ म्हणवल्या जाणाऱ्या एचडीएल या दुसऱ्या लिपोप्रोटीनची गोष्ट उलटी निघाली. ते कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे पाहणीत पुन्हापुन्हा दिसते. पण टॉरसेट्रापिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढले, तरी मृत्यूही वाढले आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. जन्मतः एचडीएल वाढवणाऱ्या जनुकबदलांनीही झटक्यापासून संरक्षण मिळत नाही, हे २०१२ मध्ये दिसून आले. म्हणजे एचडीएल ही धोक्याची खूण आहे. ते वाढवणे हा उपचार ठरलेला नाही. अहवालातला एचडीएलचा चांगला आकडा पाहून वाढलेल्या एलडीएलकडे काणाडोळा करणे म्हणूनच घातक आहे.

अहवालातले एलडीएलही बऱ्याचदा थेट मोजलेले नसते. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले, की हे गणित फसते. फारच वाढले तर परीक्षानळीतला रक्तरस दुधासारखा पांढरट दिसतो. एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजले की धमनीत शिरू शकणाऱ्या कणांची संख्याच कळते. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेले, एलडीएलसारखेच धोकादायक लिपोप्रोटीन (ए) मात्र नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. त्याची पातळी मुख्यतः जनुकांवर ठरते आणि आहार-व्यायामाने फारशी हलत नाही, म्हणून प्रौढपणी ते एकदा मोजले तरी बहुतेकांना पुरते.