शहराच्या डीपीवर (विकास आराखड्यावर) हरकत घ्यायचीय? कोण घेऊ शकतं, कागद कुठले जोडायचे आणि सुनावणीत नक्की काय होतं

पेपरात आतल्या पानावर कधीतरी बारीक टायपात एक जाहीर नोटीस येते, "प्रारूप विकास योजना प्रसिद्ध करण्यात येत आहे", आणि आपण पान उलटून पुढे जातो. मग दोनतीन महिन्यांनी कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतं की अहो आपल्या बिल्डिंगवरून रस्ता गेलाय, आणि तोवर मुदत संपलेली असते. तर ते होऊ नये म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा या सगळ्यातून गेलोय, एवढंच.

आधी थोडं कायद्याचं. डीपी म्हणजे शहराची कुठली जमीन राहायला, कुठली धंद्याला, कुठे बाग, शाळा, दवाखाना, कुठून रस्ता, याचा नकाशा आणि त्यासोबतचा अहवाल. हे सगळं १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली चालतं, लोक त्याला एमआरटीपी म्हणतात. वीस वर्षांतून एकदा तरी डीपी सुधारायचा असतो. महापालिका आधी जागेवर सध्या काय आहे त्याचा नकाशा करते (विद्यमान जमीन वापर, ऑफिसात त्याला ईएलयू म्हणतात), मग पुढे काय हवं त्याचा मसुदा, आणि त्या मसुद्यावर कलम २६ खाली लोकांच्या हरकती आणि सूचना मागवते. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, कुठे ३० दिवस कुठे ६०, ती तारीख आधी कॅलेंडरवर मांडा मग बाकीचं वाचा.

ईएलयू चुकला की पुढचं सगळंच चुकतं. मुंबईचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने तपासायला लावला, सुधारित मसुदा मे २०१६ ला आला आणि मंजुरी मिळाली मे २०१८ मध्ये. म्हणजे लोकांनी लिहिलेलं सगळं कचऱ्यात जातं असं काही नाही.

आता पात्रता. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि उत्तर एका ओळीत आहे, कुणीही हरकत देऊ शकतं. कायद्यात "कोणतीही व्यक्ती" असंच आहे. सातबाऱ्यावर नाव पाहिजे असं नाही, भाडेकरू, झोपडीत राहणारा, गुंठेवारीत अर्धा गुंठा घेतलेला, हाऊसिंग सोसायटी, महिला बचत गट, कुणीही. फी पण नाही. फक्त लेखी द्यायची आणि मुदतीत द्यायची. नगरसेवकाला तोंडी सांगितलं, ते "बघतो" म्हणाले, ही हरकत नव्हे.

नकाशा कसा बघायचा ते सांगतो कारण तिथेच बरेच जण गळतात. पालिकेच्या ऑफिसात भिंतीला लावलेला असतो, वेबसाइटवर पीडीएफ असते, पण ती मोबाइलवर उघडली की नुसते रंगांचे ठिपके दिसतात. आपली जागा ज्या भागात येते तेवढ्या भागाचा नकाशा पैसे भरून विकत घ्या. आमच्याकडे नकाशाला एवढी गर्दी की एक आजोबा काचेवर बोट ठेवून रस्त्याची रेघ ओढत ओढत चालले होते, आणि बोट त्यांच्या घरावर आलं तसे एकदम थांबले, मागचे लोक म्हणतायत आजोबा सरका, ते काही हलेनात. पिवळा म्हणजे साधारण रहिवासी, निळा कमर्शियल, पण रंगावर जाऊ नका, बाजूची सूची बघा, आणि आरक्षणाचा (म्हणजे बाग, शाळा वगैरेसाठी राखून ठेवलेल्या जागेचा) नंबर लिहून घ्या.

आमची चूक इथेच झाली. आम्ही प्रॉपर्टी कार्डावरचा सिटी सर्व्हे नंबर टाकून पत्र दिलं आणि नकाशावर होते जुने सर्व्हे नंबर, त्यामुळे सुनावणीत त्या क्लार्कला आमची जागाच सापडेना, त्यात आमची अर्धी वेळ गेली. म्हणून दोन्ही नंबर टाका, हिस्सा नंबरासकट, आणि वर गाव/पेठ, डीपीचा भाग, आरक्षण नंबर.

अर्जाला ठरलेला फॉर्म असला तर तो, नसला तर साध्या कागदावर चालतं. पण एक अर्ज, एक मुद्दा, एक मागणी. "सदर आराखडा बिल्डरधार्जिणा असून जनतेवर अन्याय करणारा आहे" असं चार पानं लिहून काही होत नाही (मनातला राग निघतो, तेवढं खरं). त्यापेक्षा असं लिहा: "सर्व्हे नं. अमुक हिस्सा तमुक मधून १२ मीटर रस्ता दाखवला आहे. या जागेवर मंजूर लेआऊटप्रमाणे ३ इमारती उभ्या आहेत. रस्ता लेआऊटमधल्या सध्याच्या रस्त्यावरून न्यावा. समक्ष सुनावणी मिळावी." ते शेवटचं वाक्य विसरू नका.

कागदांची कायद्यात यादी नाही, पण सुनावणी घेणारी समिती बघते काय ते सांगतो. जमीनमालक असाल तर ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा. बांधकाम असेल तर मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा पत्र, हे सोनं आहे. गुंठेवारीवाल्यांनी खरेदीखत, घरपट्टीची पावती, लाइट बिल जे असेल ते. सोसायटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत आणि कुणी बोलायचं त्याचं अधिकारपत्र, नाहीतर तिथे चौघं एकदम बोलायला लागतात. सोबत भाग नकाशाच्या झेरॉक्सवर आपली जागा लाल पेनाने गोल करून आणि दोन फोटो. ओळखपत्राची प्रत. सगळ्याचे दोन संच, एक देऊन दुसऱ्यावर आवक नंबर आणि शिक्का घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं समजा. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स सह्या करून दिल्या तर आमच्याकडे त्या सगळ्यांना एकदम एकाच वेळी बोलावलं होतं, त्यामुळे आकड्यापेक्षा वेगवेगळे मुद्दे असलेले बरे.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक करतात. सगळे लिहितात "आरक्षण काढा". ते मालक लिहिणारच, त्याचं काही चुकत नाही. पण मैदानाच्या किंवा विस्थापितांच्या घरांच्या आरक्षणावर मालकाची हरकत आली तर आजूबाजूच्या लोकांना कुणी फोन करून कळवत नाही, ऐकणारे त्याचंच ऐकणार कारण समोर तोच आहे. म्हणून "अमुक नंबरचं आरक्षण कायम ठेवा" अशी पण सूचना द्या, ती पण तितकीच वैध आहे, आणि द्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. घरांचं पण तसंच. परवडणाऱ्या घरांना जागा हवी, वस्तीजवळ बालवाडी हवी, हे मागायची संधी पुन्हा वीस वर्षांनी. रस्त्याच्या रुंदीकडे पण बघा, मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी बांधकामाची जी एकत्रित नियमावली (युडीसीपीआर) लागू आहे तिच्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क आणून इथे जास्त बांधायची मुभा) मिळत नाही, म्हणजे जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट तिथेच अडतं.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते, कलम २८. पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. आम्हाला बाहेर दोन तास बसवलं आणि आत चार मिनिटं मिळाली. त्यातली दोन वर सांगितली तशी नंबरात गेली. मग एकानेच विचारलं, "मंजूर लेआऊट आणलाय?" होता, शिक्का पुसट झालेली झेरॉक्स, ती त्यांनी ट्यूबलाइटखाली धरून बघितली आणि ठेवून घेतली. एवढंच. भाषण पाठ करून गेलो होतो ते घरीच आणलं परत.

पुढे समितीचा अहवाल पालिकेकडे, बदल होऊन आराखडा राज्य सरकारकडे, आणि मंजुरी कलम ३१ खाली सरकार देतं. सरकारनेच मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग बाजूला काढून, त्याला ईपी म्हणतात, त्यावर परत हरकती मागवतात. तेव्हा दुसऱ्यांदा अर्ज द्यावा लागतो, पहिला आपोआप चालत नाही असंच धरून चला. आणि आरक्षण राहिलंच तर मालकासाठी कलम १२७ आहे, अंतिम डीपी लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही तर नोटीस द्यायची आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं म्हणजे आपोआप उठतं, त्याला मात्र वकील करा.

आमच्या अर्जावर शेरा आला "अंशतः मान्य". रस्ता १२ चा ९ झाला आणि पार्किंगच्या कडेने सरकला, दोन गाड्यांची जागा जातेय. पुढची नोटीस येईल तेव्हा परत लिहायचंय म्हणून ती पोच अजून कपाटात लॅमिनेट करून ठेवलीय.